विदा कुणाची?

एखादी चळवळ उभी करावी असा माझा पिंड नाही. आमच्या इमारतीत पाणी येईनासं झालं तेव्हा बाकीचे मोर्चा घेऊन गेले आणि मी बादली घेऊन गेलो. पण प्रसंगच असा आला की मला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सामाजिक परिणामांवर एक जाहीर चर्चा घडवून आणावी लागली. त्या चर्चेचे सामाजिक परिणाम काय झाले ते मला ठाऊक नाही. कौटुंबिक परिणाम मात्र मी अजून भोगतो आहे.

आमची ही बसस्थानकावर निवेदिका. अमक्या गावाची गाडी तमक्या फलाटावर लागते आहे, हे पुकारायचं तिचं काम. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' असं म्हणण्याआधी ती किंचित खाकरते, आणि त्या खाकरण्यासरशी निम्मं स्थानक सामान उचलतं. घरात ती खाकरली की मीही उठून उभा राहतो, पण त्याची कारणं वेगळी आहेत.

दोनेक वर्षांपूर्वी मुख्य कचेरीने तिला बोलावून एका बंद खोलीत बसवलं आणि गावांची नावं, आकडे, दिलगिरीची वाक्यं असं काय काय आठवडाभर वाचून घेतलं. "बाई, कधी तुमचा घसा बसला तर हाताशी असावं म्हणून," असं सांगितलं. तिच्या घशाची एवढी काळजी मीसुद्धा कधी केली नव्हती, त्यामुळे ती भलतीच खूश झाली. भरून घ्यायचा होता आवाज, तरी ही केस रंगवून गेली होती.

मग यंदा एके दिवशी स्थानकप्रमुखांनी तिला आपल्या खोलीत नेऊन टेबलावरची एक पेटी दाखवली. पेटी आधी खाकरली. नंतर हिच्याच आवाजात म्हणाली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." ही घरी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

"अहो, ती माझ्यासारखी खाकरते," ती म्हणाली.

"यंत्राला कसला आलाय घसा?" मी म्हणालो.

"तेच म्हणतेय मी. तिला घसा नाही. मग खाकरते कशाला?"

चाळीस मुलांच्या वर्गात आयुष्य घालवलेल्या भाषाशिक्षकाला उत्तर नसलं की तो जसं खिडकीबाहेर बघतो तसं मी बघितलं.

प्रकार असा होता. पेटीची महिनाभर चाचणी, तोवर हिला घरी बसवलेलं. हिचा करार वर्षावर्षाचा, आणि तो नेमका चाचणीबरोबरच संपणार. कचेरीने मोठ्या मनाने असंही जाहीर केलं होतं की, या विषयावर नागरिकांनी जाहीर चर्चा घ्यावी, मोठे साहेब जातीने येऊन ऐकतील, आणि लोकांची हरकत दिसली तर बाई पुन्हा माईकवर. म्हणजे हिची खुर्ची राहणार की जाणार, हे त्या एका सभेवर होतं. सभा कोणी घ्यायची याबद्दल कचेरीने काही म्हटलं नव्हतं, आणि नागरिक नावाचे गृहस्थ आमच्या भागात कोणाला भेटलेले नाहीत. शेवटी मीच पुढे झालो.

"तुम्ही काही करू नका," ही म्हणाली. "मी स्थानकावर जाऊन चार बायकांना सांगते, त्या बोलतील."

लग्नानंतर तिने मला केलेल्या विनंत्यांपैकी ही सर्वांत शहाणपणाची होती. मी ती धुडकावली.

चर्चा म्हटली की वक्ता हवा. वक्ता घरातच होता. आमचे जावई संगणकातले. नेमकं काय करतात हे मुलीलाही सांगता येत नाही, पण दिवसभर त्या पडद्याकडे बघून मान हलवतात. त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते ताठ बसले. म्हणाले, "बाबा, खरा प्रश्न हाच आहे. आईंचा आवाज हा त्यांचा डेटा आहे. तो कशासाठी घेतला आणि कशासाठी वापरला? विषय अगदी साधा ठेवा. 'डेटा कुणाचा?' बस्स."

"जावईबापू," मी म्हणालो, "आपल्या भाषेत शब्द असताना उसना कशाला?"

"कुठला शब्द?"

"विदा."

"बाबा, तो शब्द कोणी वापरत नाही हो."

"कोणी वापरत नाही म्हणून आपणच वापरायचा. मी नाही वापरला तर कोण वापरणार?"

इथे मला एक खुलासा केला पाहिजे. विदा हा शब्द मी काढलेला नाही. तो परिभाषेत आहे, शास्त्रशुद्ध आहे, जाणकार मंडळी तो वापरतात. शाळेत मुलं मला पाठीमागे 'ऱ्हस्वदीर्घ' म्हणत, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. माणसाचं नाव त्याच्या कामावरून पडावं यासारखा मान नाही. सांगायचा मुद्दा, शब्दात माझी चूक काढायला अजून कोणी जन्माला यायचा आहे, अशा भ्रमात मी होतो.

जाहिरातीचा मजकूर करायला बसलो तर सल्ला द्यायला शेजारी हजर. वरच्या मजल्यावर वकील राहतात. त्यांनी मजकूर वाचून एकच सूचना केली, ती म्हणजे शीर्षकाला प्रश्नचिन्ह हवंच. "सर, विधान केलंत की अंगलट येतं. प्रश्नावर कोणी खटला भरू शकत नाही." तळमजल्यावरच्या विमावाल्याचं म्हणणं पडलं की मोठाल्या अक्षरांकडे हल्ली कोणी बघत नाही, वर एक फूल काढा, लोक फुलाकडे बघतात. त्याच्या विम्याच्या कागदांवरही फूलच असतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात यायला हवं होतं. शेवटी जो कागद छापून आला तो असा: वर एक गुलाब, त्याखाली 'विदा कुणाची?', त्याखाली 'जाहीर सभा. नागरिकांनी मोठ्या संख्येने येऊन मन मोकळे करावे.' मी तो हातभर लांब धरून बघितला. एकही ऱ्हस्वदीर्घाची चूक नव्हती.

सभागृहाच्या खिडकीवरच्या कारकुनाने कागद बघितला आणि आपलं मोठं रजिस्टर उघडलं.

"प्रकार काय लिहू? विवाह, वाढदिवस, शोक, सत्कार-निरोप, शैक्षणिक?"

"चर्चा."

"चर्चा असा रकाना नाही."

"मग शैक्षणिक लिहा."

"शैक्षणिकला शाळेचं पत्र लागतं. तुमची शाळा?"

"मी निवृत्त आहे."

त्याने पुन्हा कागद वाचला. त्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार भाव आला. आवाज खाली आणून म्हणाला, "विदा म्हणजे… तेच ना?"

या खिडकीत बसलेल्या माणसाला तो शब्द माहीत होता! मला भरून आलं. "तेच, तेच!" मी म्हणालो.

"मग सरळ सांगा ना, सर. कुणाची आहे?"

"आमच्या हिची."

"अरेरे," तो म्हणाला, आणि त्याने रकान्यात काहीतरी लिहून टाकलं. वर, खुर्च्या आणि माईक आमच्याकडून, असंही म्हणाला. परक्याच्या विदेबद्दल इतकी कळकळ असणारा कारकून अजून शिल्लक आहे, म्हणून मी जिना उतरताना या व्यवस्थेबद्दल जन्मात पहिल्यांदा चांगलं बोललो.

आता प्रसिद्धी. बसस्थानकाइतकी गर्दी कुठे मिळणार? मी कागद स्थानकप्रमुखांकडे पाठवला. माणूस भला. हिच्या बाजूचाच. त्यांनी ठरवलं की सभेची सूचना दिवसभर पेटीकडूनच पुकारून घ्यायची. पेटीच्या विरोधातली सभा पेटीनेच जाहीर करायची, या कल्पनेने आम्ही दोघंही फोनवर खूप हसलो. थोड्या वेळाने त्यांचा पुन्हा फोन आला.

"सर, हे यंत्र नुसतं वाचत नाही. मजकूर सोपा करून सांगतं. त्यासाठी उलटं आपल्यालाच विचारतंय."

"काय विचारतंय?"

"विदा कुणाची, असं विचारतंय. काय सांगू?"

"अहो, बाईंची!" मी कडाडलो. "दुसऱ्या कुणाची? ठणकावून सांगा त्याला. बाईंची!"

"बाईंची," ते लिहून घेत म्हणाले.

अशी माझी कृत्रिम बुद्धिमत्तेशी पहिली जाहीर चर्चा झाली.

ही महिनाभर स्थानकाकडे फिरकली नव्हती. "माझाच आवाज मला गावाला जायला सांगणार, तो मी कशाला ऐकू?" असं म्हणायची. मीही सभेच्या गडबडीत होतो, आणि स्थानकप्रमुख मजकूर पेटीत घालून रजेवर गेले होते. त्यामुळे पेटी दिवसभर काय पुकारते आहे हे आम्हा दोघांखेरीज सगळ्या गावाला ठाऊक होतं. जावयांनी नंतर कोणाच्या तरी मोबाइलवरून ते मला ऐकवलं. पेटी खाकरते आणि हिच्या आवाजात, अत्यंत जिव्हाळ्याने म्हणते, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आपल्या लाडक्या निवेदिकाबाईंच्या निरोप समारंभास सर्वांनी अगत्य यावे." निरोप सोपा करताना तिने लाडक्या हा शब्द स्वतःहून घातला होता.

लोक एकाएकी आमच्याशी फार चांगले वागू लागले. दूधवाल्याने हिला विचारलं, "मग काकू, आता पुढे काय?" हिला वाटलं, सभेनंतरचं विचारतोय. "पुढे बघू," ती म्हणाली, "लोक काय म्हणतात त्यावर आहे." तो डोळे पुसत खाली गेला. विमावाला एका संध्याकाळी फळं घेऊन आला आणि उतारवयात दरमहा काहीतरी हाती येत राहण्याचं महत्त्व समजावत बसला. मला वाटलं, विषयाची तयारी करतोय. जिन्यात वकिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "सर, धीर धरा." मी म्हणालो, "धीर कसला? मी लढणार आहे." त्यांनी माझा खांदा जरा जास्त वेळ दाबला.

सभेला सभागृह ओसंडून वाहत होतं. बाहेर व्हरांड्यातही माणसं. ड्रायव्हर आले होते, कंडक्टर आले होते, रोजचे प्रवासी, उपाहारगृहातली मंडळी, कोणाकोणाची पोरंबाळं. विदेबद्दल समाजात इतकी जागृती आहे हे बघून मी छाती पुढे काढून मंचाकडे निघालो. प्रत्येकाच्या हातात फुलं होती. कागदावरच्या गुलाबामुळे आणली असावीत, असं मी समजून चाललो. माणसाला एकदा समजून चालायची सवय लागली की तो कुठवर चालत जाईल याचा नेम नाही.

मंचावर मोठे साहेब, मी, जावई आणि ही. हिने नवे कपडे घातले होते आणि हातात आपल्या मुद्द्यांचा चिटोरा धरला होता. जावई उठून उभे राहिले. "मित्रहो, डेटा म्हणजे…" एवढं म्हणाले असतील, तेवढ्यात मागून एक ड्रायव्हर ओरडला, "साहेब, ते शिकवणं नंतर! आज बाईंचा दिवस आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. जावई बसले. त्यांनी तयार करून आणलेली चित्रं अजून त्यांच्या संगणकात आहेत.

मग लोक एकेक करून माईकपाशी आले. ड्रायव्हर म्हणाला, "बाईंनी नाव पुकारल्याशिवाय आपली गाडी कधी गिअरमध्ये पडली नाही." एक कंडक्टर म्हणाला, "घरचे वेळेवर जेवायला बोलवत नव्हते, पण बाई वेळेवर पुकारायच्या." नर्सचं काम करणारी एक मुलगी बोलायला उठली आणि बोलताच येईना. पहिल्या नोकरीला निघाली तेव्हा स्थानकावर कोणी पोचवायला नव्हतं, तर बाईंचा आवाज ऐकून धीर आला, एवढं तिने कसंबसं सांगितलं. मी पुढे झुकून ऐकत होतो. याहून मोठी हरकत ती काय असणार, असं मला वाटत होतं. साहेब मान हलवत होते आणि मला आमचा विजय दिसत होता.

हिला माझ्याआधी कळलं. तिने माझी बाही ओढली.

"अहो, हे सगळे 'होत्या' म्हणतायत."

"काय?"

"बाई पुकारायच्या. बाई होत्या. अहो, काय लिहिलंत तुम्ही त्या कागदावर?"

आयुष्यभर मी मुलांना काळ शिकवले. वर्तमान, भूत, भविष्य. आणि माझ्या बायकोला भूतकाळात ढकललं जात असताना मी टाळ्या वाजवत होतो. मी उठलो आणि बोलणाऱ्याच्या हातातून माईक जवळजवळ हिसकावून घेतला.

"थांबा! चूक होतेय! विदा म्हणजे निरोप नव्हे! विदा म्हणजे…" आठशे डोळे माझ्यावर. आणि मी, ज्याने उभ्या आयुष्यात उसना शब्द तोंडात येऊ दिला नाही, मी ओरडलो, "डेटा! विदा म्हणजे डेटा! डेटा हो!"

पहिल्या रांगेतल्या एक आजी पदराने डोळे टिपत शेजारणीला म्हणाल्या, "सरांना सहन होत नाहीये गं." विमावाला धावत आला, त्याने मला धरून खुर्चीवर बसवलं आणि पाणी पाजलं. वकील लांबून खुणेने धीर धरा असं सांगत होते.

साहेबांनी माईक घेतला. "सरांच्या भावना आपण समजू शकतो," ते म्हणाले. "आता बाईंनी दोन शब्द बोलावेत."

ही उठली. मला अजून आशा होती. कारण ही बोलायला उठली की आमच्या घरात आजवर दुसऱ्या बाजूने कोणी जिंकलेलं नाही. ती माईकपाशी गेली. नेहमीप्रमाणे खाकरली. त्यासरशी सगळं सभागृह उभं राहिलं. कोणाला सांगावं लागलं नाही, सवयीने उभं राहिलं. तिने हातातला चिटोरा उघडला, बघितला आणि पुन्हा मिटला.

"मला जायचं नाहीये," ती म्हणाली.

मग असा हुंदका आणि असा टाळ्यांचा पाऊस की छत हललं. मागून कोणीतरी भरल्या गळ्याने म्हणालं, "कुणालाच जायचं नसतं, बाई!" ती पुन्हा म्हणाली, "अहो, खरंच मला जायचं नाहीये, मला काम करायचंय." टाळ्या आणखी वाढल्या. लोक मंचावर चढले, फुलांचा ढीग तिच्या हातांवर रचत गेले, आणि त्या ढिगामागे ती दिसेनाशी झाली. तिचा आवाज तेवढा येत होता. सगळ्यांना तो पाठ असल्यामुळे तो काय म्हणतोय हे ऐकण्याची कोणाला गरज वाटली नाही.

साहेबांनी समारोप केला. लोकांचं मत त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. हरकत कोणी घेतली नव्हती. उलट इतका भावपूर्ण निरोप आपण कुठे पाहिला नाही, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन हात जोडले. साहेबांनी मला चहा दिला, बिस्कीट दिलं. म्हणाले, "सर, मला बाईंना निदान हरवले-सापडले विभागात घेता आलं असतं. आता तेही अवघड झालं. इतक्या लोकांनी रडून निरोप दिलेला माणूस दुसऱ्या दिवशी खिडकीत छत्र्या वाटताना दिसला तर लोकांना काय वाटेल?" मी म्हणालो, निदान तो आवाज तरी काढा पेटीतून. ते म्हणाले, "आवाज बाईंचा, कबूल. पण तो भरून घेतला आमच्या खोलीत." वकिलांना विचारलं, तर त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "फुलं स्वीकारली ना त्यांनी? फुलं स्वीकारली म्हणजे संमती." प्रश्नचिन्हाचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, प्रश्नचिन्हामुळे तुमच्यावर कोणी खटला भरलेला नाही, एवढं लक्षात घ्या.

हिने मला काही बोलून दाखवलं नाही. तिने भांडावं म्हणून मी मुद्दाम तिच्यासमोर ओला टॉवेल अंथरुणावर टाकला. तिने तो उचलून वाळत घातला. जावई येतात, डेटा हा शब्द माझ्यासमोर टाळतात, विदाही टाळतात, आणि दोन्ही टाळल्यामुळे त्यांच्याजवळ बोलायला काही उरत नाही. मुलगी म्हणते, बाबा, होईल सगळं ठीक. मला ते ठीक होताना दिसत नाही. माणसाची नोकरी जाते, ती निदान कोणाच्या तरी दुष्टपणामुळे जावी. हिची सगळ्यांच्या प्रेमामुळे गेली, आणि त्या प्रेमाला मी बोलावणं धाडलं होतं.

परवा आम्ही दोघं भाजी आणायला गेलो होतो. भाजीवाली नवी होती, आमच्या ओळखीची नव्हे. गर्दी होती, कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. हिने सवयीने खाकरून म्हटलं, "टोमॅटो कसे दिले?"

भाजीवालीने मान वर केली. तिच्या तोंडावर हसू पसरलं. तिने बाजूच्या बाईला कोपराने ढोसलं.

"अगं ऐकलंस का? काकू, पुन्हा बोला की! अगदी त्या बस स्टँडवरच्या मशीनसारखा आवाज काढता तुम्ही! कशा हो शिकलात?"

हिने टोमॅटोंकडे नुसतं बोट दाखवलं. तेव्हापासून ती बाजारात बोटाने दाखवते. भाव मला विचारावे लागतात.